ड्रम नसलेला अल्बम

मित्राला व्यसनमुक्ती केंद्रातून आणायला घरचं कुणी गेलं नाही, म्हणून मी गेलो. त्याचे वडील कन्नडजवळच्या गावी अद्रकीच्या लागवडीत अडकलेत, असं त्याच्या ताईनं मला फोनवर सांगितलं. ते अडकलेले नव्हते, त्यांना यायचं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. ताई गारखेड्यात राहते, शाळेत शिकवते, आणि तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. माझं सिटी चौकात चष्म्याचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. ते मी त्या दिवशी उघडलंच नाही. स्कूटर काढली आणि खुलताबादच्या रस्त्याला लागलो.

मित्र बरा होऊन बाहेर येणार, याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि ते काम माझ्यावर आलं होतं. सगळा रस्ता मी वाक्य जुळवत होतो आणि एकही जुळत नव्हतं.

आम्ही तिघं मिळून वाजवायचो. तो गिटार, मी बेस आणि तिसरा ड्रम. तो कन्नडहून इंजिनिअरिंगला शहरात आलेला, घरी ऊस आणि अद्रक, बापाची एवढीच इच्छा की पोरानं कंपनीत लागावं. माझ्या दुकानात तो चष्म्याची तुटलेली दांडी बसवून घ्यायला आला आणि कोपऱ्यात उभी असलेली माझी बेस गिटार बघून बसूनच राहिला. ड्रमवाला मुकुंदवाडीचा. वडील लहानपणीच गेलेले, आई शिवणकाम करायची. शाळेच्या बँडमध्ये ढोल वाजवत वाजवत तो ड्रमपर्यंत पोचला होता. वयानं आमच्यात लहान, आणि हात सगळ्यांत पक्का. पोटासाठी आम्ही लग्नांत आणि हॉटेलांत वाजवायचो ते वेगळं. आमचं स्वतःचं म्हणून जे होतं ते ब्लूज. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं ते गाणं. त्यात एक ओळ दोनदा म्हणतात, तिसरी ओळ त्या दोघींना उत्तर देते. गिटारवाल्यानं त्याला रॉकचा जोर दिला आणि शब्द आपल्याकडचे घातले. आमच्या घरी दखनी बोलतात. अम्मीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "ये तो रोना है बेटा, गाना कहाँ है?"

गिटारवाल्याची बोटं भयंकर वेगानं चालायची. लोक त्या वेगावर फिदा होते. मग गोळ्या सुरू झाल्या. झोपेच्या, मेंदू बधिर करणाऱ्या त्या गोळ्यांना आमच्या शहरात 'बटन' म्हणतात. पानटपरीपासून कुठंही मिळतात, मागणाऱ्याला फक्त मागता आलं पाहिजे. आधी तो घ्यायचा, मग ड्रमवालाही घ्यायला लागला. मी घेत नव्हतो, कारण सकाळी दुकान उघडायचं असायचं. यात मोठेपणा काही नाही. शेवटी त्याची अवस्था अशी झाली की ताईच्या घरात तो खोलीला आतून कडी लावून पडून राही आणि ताई शाळेतून आली की दारापाशी उभी राहून श्वास ऐकू येतो का ते बघे. तिनंच त्याला केंद्रात नेऊन सोडलं.

तो आत असताना ड्रमवाला गेला. गोळ्या आणि वर दारू. सकाळी आई उठवायला गेली तर अंग गार पडलेलं. केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं की हे त्याला आत्ता कळता कामा नये. म्हणून आम्ही भेटायला जायचो तेव्हा पावसापाण्याचं बोलायचो, त्यानं विचारलं तर ड्रमवाला कामात आहे म्हणायचो.

केंद्राच्या फाटकातून जो माणूस बाहेर आला त्याला मी क्षणभर ओळखलं नाही. गेला तेव्हा काटकी होता. आता औषधांनी सुजला होता, डोकं बारीक केलेलं, शर्ट पोटावर ताणलेला. मला बघून हसला, पण हसूही जड वाटलं.

परतताना घाटाच्या उताराच्या अलीकडं एका टपरीवर चहा घ्यायला थांबलो. त्यानं कप हातात घेतला आणि विचारलंच.

"तो कामून नाय आला?"

मी जुळवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "तो गेला रे."

"कुठं गेला?"

विचारता विचारताच त्याला समजलं. कप बाकड्यावर ठेवून तो रस्त्याकडं बघत बसला.

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"म्हणजे तुम्ही मला भेटायला येत व्हते, तवा तुम्हाला माहीत व्हतं."

"डॉक्टर नको म्हणले होते."

"व्हय," तो म्हणाला. "बरोबरे त्यांचं."

गारखेड्यात तो ताईच्या घरासमोर स्कूटरवरून उतरला, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "पहिलं बटन मी दिलतं त्याला. तो नको म्हणत व्हता." मग आत निघून गेला.

दोन-चार दिवसांनी त्याचा फोन आला. ड्रमवाल्याच्या आईकडं जायचं होतं. एकट्याला धीर होत नव्हता.

आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. मुकुंदवाडीतली त्यांची पुढची खोली तशीच होती. खिडकीपाशी शिलाई मशीन, आणि भिंतीशी जुन्या चादरीखाली झाकलेले ड्रम. मित्राला बघितल्याबरोबर मावशींनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तू तरी परत आला बाबा," असं म्हणून रडायला लागल्या. तो ताठ उभा राहिला. त्यांनी आम्हाला बसवलं, पिठलं-भाकरी वाढली. जेवताना त्यांचं लक्ष त्याच्या शर्टाकडं गेलं. पोटावरचं बटन तुटून गेलं होतं. "असाच फिरतो का?" म्हणून त्यांनी डब्यातून बटन शोधलं, सुईदोरा घेतला, आणि शर्ट अंगावर असतानाच ते लावून दिलं. दात लावून दोरा तोडला. तो मान वर करून छताकडं बघत होता. त्याला बोलायचं होतं हे मला दिसत होतं. त्याचे ओठ दोनदा हलले. पण मावशी लेकाबद्दल सांगत राहिल्या, तो लहानपणी पातेल्यांवर कसा वाजवायचा, शाळेतून कशी तक्रार यायची. त्या बोलण्यात त्याला शिरता आलं नाही.

बाहेर पडलो आणि गल्लीच्या तोंडाशी त्यानं सगळं जेवण ओकून टाकलं.

ताईनं त्याला ठेवून घेतलं होतं, पण तिच्या अटी होत्या. जुने मित्र घरी येणार नाहीत. मी तेवढा चालेन. खोलीला आतून कडी लागणार नाही. आणि गिटार घरात यायची नाही. तिच्या लेखी गिटार आणि गोळ्या एकाच दारानं आल्या होत्या. गिटार माझ्या घरी कपाटावर पडून होती. तो सकाळी ताईच्या मुलीला शाळेत सोडायचा, भाजी आणायचा, दुपारभर बसून राहायचा. मी दुकान बंद करून जाता जाता डोकवायचो. त्याच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघण्यासारखं झालं होतं. कधीकधी मी पाच मिनिटांत उठून यायचो आणि रस्त्यात मला हायसं वाटायचं.

उन्हाळा सरता सरता त्यानं स्वतः ताईला गिटारीचं विचारलं. मी तिथंच होतो. ताई कणीक मळत होती.

"कशाला पाहिजे?" तिनं विचारलं.

"डोक्यात एक गोष्ट हाय. ती बोलता येत नाय मला."

ताईनं कणकेवर पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाली, "दार उघडं ठेवून वाजवायचं. सताड उघडं. मला सैपाकघरातून दिसला पाहिजेस."

मी गिटार आणली. ताराही नव्या बसवल्या. त्यानं ती मांडीवर घेतली आणि पहिल्याच सुराला मला कळलं की जुना वेग गेलाय. बोटांची टोकं मऊ पडली होती. वरून औषधांनी हात संथ केले होते. मेंदू हुकूम देत होता आणि बोटं उशिरा ऐकत होती. तारांनी कातडी सोलली तरी तो थांबेना. शेवटी ताईनंच येऊन गिटार काढून घेतली आणि बोटांना हळद लावली. तो भिंतीला टेकून रडला. आवाज न करता, फक्त खांदे हलत होते.

वेग परत येईल असं मी त्याला म्हणत राहिलो. तो आला नाही. मग त्यानं वाट बघणं सोडलं आणि हळू वाजवायला लागला, एक सूर लावायचा आणि तो पुरता विझेपर्यंत थांबायचा. खरं सांगायचं तर मला ते सुरुवातीला आवडलं नाही. मला जुना तो हवा होता. पण गाणी होत गेली. एक कन्नडच्या बसचं होतं, त्याचे शब्द अजून माझ्या तोंडात येतात:

कन्नडची गाडी गेली, मी स्टँडावर राह्यलो
कन्नडची गाडी गेली, मी स्टँडावर राह्यलो
ज्याला बसवाया आलतो, त्यालाच इसरून आलो

सहा गाणी झाली तेव्हा अल्बम करायचं ठरलं. ओळखीचा एक रेकॉर्डिंगवाला तयार झाला. त्यानं पहिलंच विचारलं, ड्रमला कोण? शहरात वाजवणारे होते, दोघं तर आपणहून येतो म्हणाले. माझा मित्र म्हणाला, "ड्रम नकोत."

"अरे, ताल कशावर धरणार?" रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "रॉक आहे ना हे?"

त्यानं ताईचा जेवायचा लाकडी पाट मागितला, पायाखाली घेतला आणि टाच आपटून दाखवली. धप्, धप्. एवढ्यावर सगळा अल्बम झाला. ती टाच, माझा बेस, त्याची गिटार आणि त्याचा आवाज. गोळ्यांनी घसा बसला होता, तोही तसाच ठेवला.

रेकॉर्डिंग स्टुडिओत व्हायचं होतं, पण स्टुडिओचं दार बंद करावं लागतं. बंद खोलीत त्याला घाम फुटायचा, आणि ताईनंही नको म्हटलं. म्हणून माइक आणि मशीन ताईच्या घरी आणलं. रविवारी दुपारी, दार सताड उघडं. नीट ऐकलं तर त्या अल्बममध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत, खालून जाणारा भंगारवाला आहे. एका गाण्याच्या मधोमध ताई स्वैपाकघरातून "चहा टाकू का?" असं विचारतेय. रेकॉर्डिंगवाला वैतागला, पुन्हा घेऊ म्हणाला. मित्रानं ऐकलं नाही. म्हणाला, "ती बघतीये म्हणूनच मी वाजवतोय. राहू दे तिचा आवाज."

चौथं गाणं त्यानं मला आधी ऐकवलं नव्हतं. रेकॉर्डिंगच्या वेळीच म्हटलं. मी बेस धरून बसलो होतो आणि शब्द ऐकून माझा हात थांबला. ते तसंच राहिलं, त्या गाण्यात शेवटी बेस नाहीच.

शर्टाचं बटन तुटलं, मावशीनं लावून दिलं
शर्टाचं बटन तुटलं, मावशीनं लावून दिलं
तिच्या लेकाला बटन कुणी दिलं, ते नाय कुणी इचारलं

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "अल्बम पहिला मावशीला ऐकवायचा. मग दुसऱ्याला."

मी त्याला समजावलं. म्हटलं, त्या बाईला आता काय उपयोग? तिला जगू दे. तो म्हणाला, "ती मला लेक समजून जेवू घालती भाई. मला ते जेवण जात नाय." मधल्या काळात मावशी त्याला सणावाराला बोलवायच्या, डबा पाठवायच्या, आणि तो दर वेळी काहीतरी कारण काढायचा. मला हे माहीत होतं.

आम्ही दुपारी गेलो. मावशी शिवत होत्या. आम्ही गाणी केलीत म्हटल्यावर खूश झाल्या. मशीनच्या फळीवर मी फोन ठेवला आणि पहिलं गाणं लावलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. ते संपलं, दुसरं संपलं. मग त्यांनी डोळे उघडले.

"ह्यात त्याचं वाजवणं कुठंय?"

मित्र म्हणाला, "त्याच्या जागी दुसरं कुणी बसवलं नाय मावशी. त्याची जागा मोकळी ठेवली."

मावशी चादर टाकलेल्या ड्रमकडं बघून म्हणाल्या, "मोकळी जागा मला घरात दिसती की रोज. ती अजून ऐकायची कामून?"

इतके महिने आम्ही जे मोठ्या मानाचं समजत होतो, ते त्या एका प्रश्नानं पोकळ झालं. मी फोन बंद करायला हात पुढं केला. मित्रानं माझा हात धरला. तिसरं गाणं झालं, चौथं लागलं.

मावशींचा हात मशीनच्या चाकावर होता. पहिल्या ओळीला त्या किंचित हसल्या, त्यांना तो दिवस आठवला असावा. ओळ पुन्हा आली. मग तिसरी आली. चाकावरचा हात तसाच राहिला. गाणं संपेपर्यंत त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही.

मग विचारलं, "कुणी दिलतं?"

"मी."

पाचवं गाणं आपोआप सुरू झालं होतं. मला ते बंद करायचं बटन सापडेना. शेवटी ते थांबलं. बाहेर कुणीतरी नळावर भांडी घासत होतं, तेवढाच आवाज.

मावशी रागावल्या असत्या, त्यांनी त्याला मारलं असतं, तर बरं झालं असतं. तो त्यासाठीच आला होता. त्या उठल्या, मशीनवरचा कपडा झटकून त्याची घडी घातली.

"तुझी आई हाय ना अजून?"

"हाय."

"मग तिच्यापाशी जाऊन राहा. हिकडं नको येऊ आता."

आवाज नेहमीचाच होता. मला मात्र त्यांनी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. आम्ही चपला घातल्या आणि निघालो. रस्त्यावर आल्यावर मी त्याला विचारलं, "बरं वाटतंय का?"

"नाय," तो म्हणाला. "पण झालं."

अल्बम आम्ही इंटरनेटवर टाकला. टाकण्याआधी मी विचारलं की चौथं गाणं काढू या का. तो म्हणाला, ते काढलं तर बाकीच्यांचं काय करायचं. थोड्या लोकांनी ऐकला. पुण्याच्या एकानं लांबलचक निरोप पाठवला, की असं मराठीत कधी ऐकलं नव्हतं. सिडकोतल्या एका कॅफेवाल्यानं कार्यक्रम ठेवू का विचारलं. मला वाटत होतं, इथून सुरुवात होईल. मी मनात जागा, दिवस, सगळं ठरवायला लागलो होतो. मित्रानं कॅफेवाल्याला नकार दिला. त्याच आठवड्यात त्यानं कपडे भरले. ताई म्हणाली, वडील घरात घेतील की नाही माहीत नाही. तो म्हणाला, नाय घेतलं तर गोठ्यात राहीन. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. गिटार ताईकडं त्याच्या खोलीतच राहिली.

वडिलांनी घरात घेतलं. आई त्याला वाढायची, वडील तो उठल्यावर पानावर बसायचे. पहिलं वर्षभर बापलेकांत फक्त पाण्याच्या पाळीचं बोलणं होतं. मी एकदा गेलो तेव्हा अद्रकीची काढणी चालली होती. तो बायांच्या रांगेत बसून गड्ड्यांची माती झाडत होता. नखांत काळी माती, मान उन्हानं रापलेली. सूज उतरली होती. मला बघून उठला, हात धुतले, झाडाखाली नेऊन पाणी दिलं.

"वाजवतो का कधी?" मी विचारलं.

"नाय."

"मन होत नाही?"

"होतं. पण वाजवायला बसलो की बटनबी आठवतं. दोन्ही एकाच जागी हायेत. म्हणून त्या जागेला जात नाय." मग मला अद्रकीचा भाव सांगायला लागला, पानांवर पडलेला रोग दाखवला. मी ऐकत होतो. परतीच्या जीपमध्ये मला जाणवलं की माझ्याकडं त्याच्याशी बोलायला फारसं काही उरलेलं नाही. तो जिवंत आहे, काही घेत नाही, आईच्या हातचं खातो. आम्ही सगळ्यांनी हेच मागितलं होतं. तरी त्या दिवशी मी मय्यतीवरून परतल्यासारखा घरी आलो. अम्मीनं विचारलं, "कैसा है वो?" मी म्हटलं, अच्छा है.

मीही आता वाजवत नाही. दोघंच्या दोघं नसल्यावर बेस एकट्यानं वाजवण्यात काही अर्थ नसतो. कधी दुकानात गिऱ्हाईक नसलं की अल्बम लावतो. ताईचा "चहा टाकू का?" आला की जरा थांबतो. चौथं गाणं मात्र पुढं ढकलतो.

गेल्या हिवाळ्यात मावशी दुकानात आल्या. सुईत दोरा जात नव्हता म्हणून चष्मा करायचा होता. मला ओळखत नसल्यासारख्या त्या खुर्चीवर बसल्या. मी डोळे तपासले, भिंगं बदलून बदलून दाखवली. त्या फक्त "दिसतंय", "नाय दिसत" एवढंच बोलत होत्या. नंबर निघाला, फ्रेम निवडून झाली. उठताना पिशवी सावरत त्यांनी विचारलं,

"काही घेत नाय ना तो आता?"

"नाही मावशी. काही नाही. शेती बघतो."

त्यांनी मान हलवली. दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"मी इचारलं म्हणून सांगू नको त्याला."

मी सांगितलं नाही. त्याचा फोन महिन्या-दीड महिन्यातून येतो. पाऊस, अद्रक, ताईच्या मुलीचा अभ्यास, माझ्या अम्मीचे गुडघे, असं सगळं बोलून होतं. ठेवायच्या आधी तो जरा घुटमळतो आणि विचारतो, "मुकुंदवाडीकडं गेलता का?" मी म्हणतो, नाही गेलो. मग तो "बरं" म्हणून फोन ठेवतो.